वारके सर आणि उघडं राहिलेलं पोर्ट

परवा प्रॅक्टिकलला एका मुलीने प्रोग्राम दाखवला. सगळं नीट चाललं होतं, दिवे लागत होते, विझत होते. मी कोड खालपर्यंत वाचला आणि पेन हातातच राहिलं. तिने पोर्ट उघडलं होतं आणि बंद केलंच नव्हतं. आमच्या वारके सरांसमोर ह्या मुलीची धडगत नव्हती. मी नुसतं "पुढच्या वेळी लक्षात ठेव हं" म्हटलं, सही केली आणि बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. मेलं, ह्या वयात भर लॅबमध्ये रडू येतं म्हणजे काय!

वारके सर म्हणजे धुळ्याच्या आमच्या कॉलेजातले ऑपरेटिंग सिस्टिमचे सर. मूळचे यावलकडचे. उंच, वाळके, आणि शर्टाचं वरचं बटण भर मे महिन्यातही लावलेलं. मी डिपार्टमेंटला लागले तेव्हा त्यांना तिथे बरीच वर्षं झाली होती. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की हा माणूस आपल्या डोक्यात जाणार. कारण त्यांना उघडं काही बघवतच नसे. कपाट, खिडकी, नळ, पेनाचं टोपण. मी डब्यातला घास तोंडात घालतेय तोवर हे माझ्या डब्याचं झाकण लावून मोकळे.

"अहो सर, मी जेवतेय!"

"मग परत उघडा की मॅडम. उघडायला काय लागतं? लावायलाच माणूस लागतो."

पार्किंगपर्यंत गेलेला हा गृहस्थ जिने चढून परत यायचा, का तर लॅबचं दार कोणी लावलं ते बघायला. "उघडलं कोणी?" हा त्यांचा लाडका प्रश्न. मुलं त्यांची नक्कल करायची, शिपाई करायचे, आणि खोटं कशाला बोलू, स्टाफरूममध्ये मीही करायची. मला छान जमायची.

ते पोर्टचं प्रकरण काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला, म्हणजे स्क्रीनच्या कार्डाला, कीबोर्डला, प्रिंटरला, बोलायला छोटी छोटी दारं असतात. त्यांना नंबर असतात, आणि त्यांनाच पोर्ट म्हणतात. उठला प्रोग्राम आणि घातला दारात हात, असं तिथे चालत नाही. मधे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा बसलेला असतो, त्याला कर्नेल म्हणायचं. तो परवानगी देईल तरच. आता स्क्रीनवर आपल्याला जे जे दिसतं, खिडक्या, अक्षरं, माउसचा बाण, ते सगळं काढणारा एक भला मोठा प्रोग्राम असतो, डिस्प्ले सर्व्हर. जुन्या काळी हा पठ्ठ्या सुरू होतानाच कर्नेलकडून सरसकट सगळ्या पोर्टांची परवानगी घ्यायचा आणि काम झालं तरी ती सोडायचा नाही. वर्गात हा विषय आला की सर असे तापायचे, जणू चोर त्यांच्याच घरात शिरलाय.

"एका खोलीची किल्ली मागायला आला, आणि अख्ख्या बिल्डिंगचा जुडगा खिशात घालून गेला! आणि तुम्ही त्याला काय म्हणता? सर्व्हर! सेवा करतो म्हणे!"

एकदा बाहेरून परीक्षक आले होते, गोड बोलणारे गृहस्थ. एका पोराने प्रिंटरच्या पोर्टवरून सिग्नलचे दिवे चालवून दाखवले. झकास काम. सर म्हणाले, "नापास."

परीक्षकांचा चहा घशात अडकला. "अहो वारके सर, चालतंय ना सगळं?"

"चालतंय. पण हा निघून गेल्यावरही पोर्ट उघडंच राहतंय."

"अहो, पण पोराचं वर्ष जाईल."

सरांनी पोराकडे पाहिलं. "घर कुठं रे तुझं?"

"शिरपूर, सर."

"सकाळी निघताना दार लावून आलास का?"

"नाही सर. आई असते घरी."

आम्हाला वाटलं, आता हा माणूस फाडून खाणार. पण ते हळूच म्हणाले, "बरोबर आहे बाबा. पण प्रोग्रामला आई नसते." मग त्याला शेजारी बसवून पोर्ट बंद करायची ती एक ओळ लिहून घेतली आणि पास केलं. परीक्षक जाताना मला म्हणाले, "मॅडम, तुमचे हे सर जरा हे आहेत का?" मी म्हटलं, जरा नाही, चांगलेच.

पण सरांचा हा राग नुसता वर्गातला नव्हता. तो डिस्प्ले सर्व्हर जगभरची माणसं मिळून लिहितात, आणि दुरुस्ती कुणालाही सुचवता येते. सरांनी सुचवली. सर्व्हरचा जो भाग ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलतो, त्यात. परवानगी मिळाली नाही तर तसं सरळ सांगून थांबायचं, आणि मिळाली तर काम होताच परत करायची. एवढंच. त्यावर कुठकुठल्या देशांतल्या माणसांशी त्यांचा पत्रव्यवहार चालला, किती महिने, देव जाणे. कुणी म्हणे जुनी कार्डं बंद पडतील, कुणी म्हणे कशाला हात लावायचा. सर प्रत्येकाला शांतपणे उत्तर द्यायचे. आणि एके दिवशी यावलच्या केळ्यांच्या वेफर्सची मोठी पिशवी घेऊन स्टाफरूममध्ये आले.

"घ्या मॅडम. बंद झालं."

"काय बंद झालं, सर?"

"पोर्ट."

"कुठलं?"

"सगळ्यांचं," ते म्हणाले आणि चक्क हसले. मी मूठभर वेफर्स घेतले आणि मनात म्हटलं, गेला बाई हा माणूस कामातून.

ह्या माणसाला बायको मिळाली होती ती पिंपळनेरची. काकूंचं नाव प्रमिला. ठेंगणी, गोल, दिवसभर बोलणारी बाई, आणि तेही ठसठशीत अहिराणीत. घराचं दार सताड उघडं. शेजारीण येतेय, भाजीवाली येतेय, मांजर येतंय. सर येता-जाता लावणार, काकू उघडणार. "आमना पिंपळनेरले दार फक्त रातले लावतस," असं मला ऐकवायच्या, म्हणजे खरं तर सरांना. मूलबाळ नव्हतं. मला त्या "पोरी" म्हणायच्या आणि शेवभाजी अशी खिलवायच्या की नाकाडोळ्यांतून पाणी यावं.

सरांचं टेबल बाहेरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. घरी आले की त्या मशीनसमोर. काकू मागून गावभरच्या गोष्टी सांगायच्या आणि सर न वळता "हं, ऐकतोय" म्हणायचे. मग काकूंचा आवाज चढायचा, "ओ, मी तुमनी पाठशी बोलू का? मनाकडे देखा ना जरा!" मनाकडे, म्हणजे माझ्याकडे. सर पुन्हा "हं." मला हसू यायचं. नवरा-बायकोचं चालायचंच, त्यात काय.

एका सकाळी काकू ओट्याशीच कोसळल्या. मेंदूतली रक्तवाहिनी. जीव वाचला, पण नको तसा वाचला. मानेखालचं सगळं गेलं, तोंड गेलं, आवाज गेला. डोळे तेवढे वर-खाली व्हायचे आणि डाव्या हाताचा अंगठा केसभर हलायचा. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय. आत पूर्ण जाग्या आहेत. एवढी बोलणारी बाई, आणि आत कोंडलेली.

सरांनी रजा टाकली ती टाकलीच, तिथूनच निवृत्त झाले. आणि काकूंच्या अंगठ्याखाली त्यांनी तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या बसवल्या. अंगठा हलला की पट्ट्या चिकटायच्या. तिथून वायर निघून जुन्या मशीनच्या प्रिंटर पोर्टात. स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी, क ख ग घ पासून. एकेक ओळ उजळत खाली जायची. हवी ती ओळ आली की काकूंनी अंगठा हलवायचा, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून उजळायची, पुन्हा अंगठा. असं अक्षर-अक्षर करून बोलायचं. काकूंचा हात थरथरायचा. त्यातली थरथर कुठली आणि बोलणं कुठलं, हे ओळखायचं कामही सरांनी त्या पोर्टच्या कोडात बसवलं होतं. रोज थोडं थोडं, काकूंचा अंगठा बघत बघत. आणि तो सगळा कोड डिस्प्ले सर्व्हरच्या पोटातच घातला होता, म्हणजे मशीन लागलं की काकूंची अक्षरं आपोआप समोर यावीत.

मी कोड बघितला आणि मला राहवलं नाही. "सर, इथे तर तुमचा तो जुनाच सर्व्हर सगळी पोर्टं उघडी टाकून बसलाय!"

"बसू दे," सर म्हणाले. "इथे तो तिच्यासाठी बसलाय."

काकू काना-मात्रा गाळायच्या, त्यात फार वेळ जातो म्हणून. सर स्क्रीनला डोळे लावून बसायचे आणि भर घालून मोठ्याने वाचायचे. पहिलं वाक्य आलं, "चह नसत पन श." सर म्हणाले, "चहा नुस्तं पानी शे!" आणि हा कोरडा माणूस हसता हसता रडायला लागला. काकूंची देखभाल करायला कमलबाई होत्या, त्यांनी तो चहा केला होता, त्याही रडायला लागल्या. मग काय, काकूंनी सुटी घेतलीच नाही. मी आठवड्याने गेले की सर स्क्रीनवरून वाचायचे, "पोरी, तू जाडी व्हयनी." घर पुन्हा घरासारखं झालं. दोनेक वर्षं असं चाललं.

मग तो वैशाख आला. धुळ्याचा उन्हाळा, त्यात विजेचा लपंडाव. एका दुपारी लाईट गेली, आली, आणि येताना मशीन जाळून गेली. नेमकं त्याच दिवशी काकूंना ताप भरला. डॉक्टर छाती तपासून बाहेर आले आणि सरांना बाजूला घेऊन म्हणाले, छाती भरलीय, दवाखान्यात हलवून उपयोग नाही, काही दिवस आहेत. सरांनी एवढंच विचारलं, "शुद्ध?" डॉक्टर म्हणाले, शेवटपर्यंत राहील कदाचित. आणि सरांच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं. शुद्ध आहे, म्हणजे बोलायचं आहे, आणि बोलायचं दार जळून गेलंय.

नवं मशीन आणलं, कोडाची प्रत होतीच, पण नव्या मशीनला प्रिंटरचं पोर्टच नसतं. सर काकूंना सोडून हलेनात, म्हणून मी एस.टी.ने जळगावला गेले. पारोळा, एरंडोल, भट्टीतून गेल्यासारखी गेले. जुन्या सामानाच्या दुकानातले मारवाडी सेठ आधी हसले, "मॅडम, प्रिंटर पोर्टचं कार्ड? अब कौन पूछता है?" मी तिथेच काउंटरवर हात टेकून सगळं सांगितलं. सेठ स्वतः माळ्यावर चढले, धुळीने माखून उतरले आणि कार्ड माझ्या हातात ठेवून म्हणाले, "चालेल बघा. नाही चाललं तर फोन करा, मी आणखी शोधतो."

कार्ड बसलं. नवी सिस्टिम टाकली. जुनी नव्या मशीनवर चालेचना. अक्षरं समोर आली, ओळी उजळायला लागल्या. काकूंनी अंगठा हलवला, आम्ही तिघांनी तो हलताना पाहिला. स्क्रीनवर काहीच नाही. खाली एक ओळ आली, पोर्टची परवानगी नाही.

सरांनी कोड उघडला, आणि बघता बघता त्यांचे हात थांबले. नकार देणारी ती जागा त्यांची स्वतःची होती. परवानगी नसेल तर सांगून थांबायचं. त्यांनीच सुचवलेली, वेफर्स वाटलेली.

"काढून टाका ना मग!" मी ओरडले.

त्यांनी काढली. तर सर्व्हरला आता मुळात तेवढा अधिकारच देत नव्हते, ते कुणी दुसऱ्याने बंद केलेलं. ते उघडलं, तर खाली कर्नेलने नकार दिला, ते आणखी कुणी तिसऱ्याने. एक दार उघडावं तर आत दुसरं लावलेलं. "सगळी माझ्यासारखीच माणसं, मॅडम," सर म्हणाले. "सगळ्यांनी बरोबरच केलंय. एकाचंही चुकलेलं नाही." असं म्हणून त्यांनी कपाळ टेबलावर आपटलं.

मी म्हटलं, "सर, साधं माउसचं बटण तोडून ह्या पट्ट्या लावू." तेही करून पाहिलं. काकूंची सगळी थरथर अक्षरं बनून स्क्रीनवर सांडायला लागली, ओळभर नुसते क, क, क. काकूंनी डोळेच मिटले. सर म्हणाले, थरथर ओळखायचं सगळं त्या पोर्टच्या कोडात आहे, नव्याने शिकवायला वेळ नाही, पोर्टच उघडायचं. म्हणजे कर्नेल स्वतः बदलून पुन्हा बांधायचं. त्याला तास न् तास लागतात, आणि लाईट मधेच जाते. गेली की पुन्हा पहिल्यापासून. मी माझ्या घरचा इन्व्हर्टर रिक्षात घालून आणला, तर त्याची बॅटरी अर्ध्यात बसली. मी म्हटलं, "सर, जरा दोन घास खा, मग बघू." त्यांनी कायम मला "मॅडम, तुम्ही" म्हटलं. त्या दिवशी किंचाळले, "तू गप्प बस!" चार-पाच दिवस त्या माणसाने भिंतीकडचं तोंड हलवलं नाही. पाठ घामाने भिजलेली, शर्टाची बटणं सगळी उघडी. सरांची बटणं उघडी मी पहिल्यांदाच पाहत होते.

आणि इकडे काकूंना काहीतरी सांगायचं होतं. डोळे वर केले की हो, खाली केले की नाही, एवढं उरलं होतं. कमलबाई आणि मी विचारत सुटलो.

"काकू, पाणी?" नाही.

"पंखा वाढवू? कूस बदलू?" नाही.

"दुखतंय कुठं? देवाचं काही? पिंपळनेरहून कुणाला बोलवू?"

नाही, नाही, नाही. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळायला लागलं. "अक्का, मग काय शे ओ?" कमलबाई कळवळून म्हणाल्या. काकूंचे डोळे आमच्यावरून सरकून पलीकडे जायचे, मशीनकडे. आम्ही म्हणायचो, "होतंय काकू, होतंय, सर लागलेत ना!" तेव्हाही डोळे खाली. नाही. आम्हाला वाटायचं, बाईंचा धीर सुटला.

शेवटी एका दुपारी कर्नेल पुरं बांधून झालं. मशीन पुन्हा लागलं. सरांनी पोर्ट उघडलं, सगळीच्या सगळी उघडली, जुन्या काळच्या त्या सर्व्हरसारखी. पट्ट्या अंगठ्याखाली सरकवल्या आणि पळत जाऊन टेबलाशी बसले. "बोल प्रमिला," ते स्क्रीनकडे बघत म्हणाले. "बोल, मी वाचतो."

ओळी उजळायला लागल्या. काकूंना धाप लागली होती. प फ ब भ म ची ओळ आली आणि अंगठा हलला. म. मग न. मधे किती वेळ गेला. क. ड. सर ओठांतल्या ओठांत जुळवत होते. द. ख.

"मनकड दख," मी वाचलं.

सर नेहमीसारखी भर घालून वाचायला लागले, "मनाकडे देखा," आणि तिथेच थांबले. पाठ ताठ झाली. मग खुर्चीसकट वळले. चार-पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. आणि काकूंनी डोळे वर केले. हो.

मागे ओळी उजळत राहिल्या. काकूंनी अंगठा पुन्हा हलवला नाही. कमलबाईंनी मला दंडाला धरून आत नेलं.

दोन दिवसांनी काकू गेल्या. त्या दोन दिवसांत सरांनी मशीनकडे ढुंकून पाहिलं नाही, हात हातात घेऊन बसून होते. आता वाटतं, आम्ही दोघी बाया असून पाणी विचारलं, पंखा विचारला, देव विचारला, पण समोर पाठ करून बसलेला नवरा काही कुणाला विचारावासा वाटला नाही.

दहावं-तेरावं, गंधमुक्ती सगळं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा मी सरांचा डबा घेऊन गेले. दार सताड उघडं. सर खुर्चीत, रिकाम्या कॉटकडे तोंड करून. पाठीमागे मशीन चालू होतं. क ख ग घ उजळायचं, विझायचं, मग खालची ओळ, मग त्याखालची. तांब्याच्या पट्ट्या चादरीवर तशाच पडल्या होत्या.

"सर, हे उघडंच राहिलंय," मी म्हटलं आणि हात पुढे केला. "बंद करते हं."

"नको, मॅडम," ते मागे न वळता म्हणाले. "तिचं बोलून झालं नसेल तर?"

मी हात मागे घेतला.